सासूबाईंची मुलाखत आणि माझा माइक

आमच्या सासूबाईंची मी घेतलेली मुलाखत ही यवतमाळ जिल्ह्यातली एकमेव मुलाखत असेल, जिच्यात फक्त प्रश्न होते.

कापसानं सगळ्यांनाच रडवलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. रेडिओवाल्यांना स्वतः शेती कसणाऱ्या बाईचं म्हणणं हवं होतं, आणि मारेगावच्या आमच्या सासूबाईंकडे म्हणणं भरपूर होतं. मी पडलो गावातला नावाजलेला सूत्रसंचालक. (गणेशोत्सव, साखरपुडे, निरोप समारंभ, माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो.) रेडिओच्या साहेबांनी एकच अट घातली, "आवाज थेट लावता येईल इतका स्वच्छ पाहिजे."

मी बायकोला घेऊन यवतमाळला सलीमभाईंच्या दुकानात गेलो आणि तीन रेकॉर्डर काढायला लावले. पहिला खिशात मावणारा, पण त्यात आमच्यापेक्षा रस्त्यावरचे ऑटोच जास्त बोलले. दुसरा उत्तम, फक्त उचलायला हमाल लागला असता. तिसऱ्याला लांबुडका माइक आणि कानाला लावायचे हेडफोन.

"ज्याच्यासमोर धराल त्याचंच ऐकते हा, साहब," सलीमभाई म्हणाले. "बाजूची कलकल घेतच नाही."

"हाच द्या."

"वापरता येते काय तुमाले?" बायकोनं विचारलं. मी नुसता हसलो. माइक धरायचं आता मला शिकवणार!

मारेगावला सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीत तयारच होत्या. "जावईबापू, मले एकच गोष्ट सांगाची हाये. कापसाचं खरेदी केंद्र दिवाळीच्या आधी उघडा म्हना. इथं जो येते, तो इचारते एक अन् आपलंच बोलून जाते. तुमी तरी तसं करू नका."

"आई, आज सगळा जिल्हा तुमचं ऐकणार," मी छातीठोकपणे सांगितलं.

मुलाखत काय रंगली म्हणता! हेडफोनमध्ये माझा आवाज इतका भारदस्त येत होता की साधे साधे प्रश्नही मी चांगले लांबवले. सासूबाईंनी हातवारे केले, एकदा ओसरीवर मूठ आपटली. मी मान डोलावत पुढचा प्रश्न मनात जुळवत होतो.

मग ऐकायला सगळं घर जमलं. "तर श्रोतेहो..." माझा आवाज, खणखणीत. पाठोपाठ कुणीतरी शेजारच्या गावातून बोलल्यासारखी पुटपुट. मग "वा! आणि पुढे?" पुन्हा पुटपुट. इतक्या वर्षांच्या सवयीनं माइक सबंध वेळ माझ्याच तोंडाशी होता, आणि बिचारं यंत्र इमानदारीनं माझंच ऐकत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मनाले लावून घेऊ नको, आई," बायको म्हणाली. "आमच्या घरीबी असंच ऐकू येते."

सासूबाईंनी हात पुढे केला. "आना तो इकडं." त्यांनी माइक स्वतःच्या तोंडाशी धरला आणि खरेदी केंद्रापासून दिवाळीपर्यंत सगळं एका दमात ऐकवलं. मी मधूनमधून प्रश्न टाकत होतोच. सवय जात नाही.

ते जसंच्या तसं रेडिओवर लागलं. सगळ्या मारेगावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा खास फोन आला. "आवाज फारच स्वच्छ. बाई तर काय बोलल्या! पण तुम्ही कुठे होतात? तुमचा एक शब्द नाही."

"तिथंच होतो, साहेब," मी म्हणालो. "बाजूला. त्या माइकला बाजूची कलकल ऐकू येत नाही."