पुठ्ठ्यावरचा सारीपाट

माझे बाबा आणि माझा मामा एकमेकांशी बोलत ते फक्त पटावर. एरवी दोघंही अबोल. बाबा अमरावतीला सरकारी कचेरीत शिपाई होते आणि मामा अकोल्याला कापडगिरणीत. मामा-मामी बडनेऱ्याला गाडीतून उतरून आमच्याकडे आले की "काय, बरं हाये?" "हो, बरं हाये," एवढं होऊन दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसत. बाबा वाटेकडे बघत, मामा आढ्याकडे. मग आई आतून सारीपाटाची गुंडाळी आणून मधे उलगडायची आणि दोघांना कंठ फुटायचा.

हा पट आईला तिच्या लग्नात माहेरून मिळालेला. जाड निळ्या कापडाच्या चार पट्ट्या फुलीसारख्या जोडलेल्या, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली घरं. प्रत्येक पट्टीवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी. लाकडी सोंगट्या आणि सहा कवड्या एका पिशवीत असत. कवड्या टाकायच्या, उताण्या-पालथ्या किती पडल्या त्यावरून दान ठरायचं, आणि तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची. सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस. ते पडलं की शेजारचेही धावत येत, इतका ओरडा व्हायचा.

आई आणि मामा, बहीण-भाऊ, एका बाजूचे भिडू. बाबा आणि मामी दुसऱ्या बाजूचे. मामाला घरं मोजताना मी कधी पाहिलं नाही. पंचवीस पडले की तो सोंगटी उचलायचा, हात हवेतून फिरवायचा आणि नेमक्या घरात ठेवायचा. आम्ही पोरं मागून मोजून पाहायचो. कधी चुकला नाही. लहानपणापासून त्याच कापडावर खेळलेला, त्याच्या हातालाच घरं पाठ होती.

मामी मात्र वाईट खेळायची. जोडीने उभ्या असलेल्या सोंगट्या शत्रूला मारता येत नाहीत, त्यामुळे शहाणा माणूस जोडी फोडत नाही. मामी हटकून फोडायची. बाबा कपाळावर हात मारायचे. "वयनी, काय करून राहिल्या तुमी!" मामी पदर तोंडाला लावून हसायची, कवड्यांवर फुंकर मारायची आणि पुन्हा तेच करायची. आठवडाभर ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. ओसरीवर बसली तरी तिच्या केसांत कुठेतरी कापसाचा तंतू अडकलेला असायचा. तिला खेळ कळत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीने धम्म घेतला. बाबा त्या दिवसापासून ताठ चालायला लागले, हे मला लहान असूनही दिसलं. कचेरीतून आणलेलं शिळं वर्तमानपत्र ते संध्याकाळी ओट्यावर मोठ्याने वाचत आणि वस्तीतली माणसं ऐकायला बसत. त्याच दिवसांत एका सकाळी त्यांनी घरातले देव गोळा केले. पितळेचे टाक, देवीची कवड्यांची माळ, परडी, सगळं एका फडक्यात बांधलं. आई स्वतःच कोनाड्यातून एकेक काढून देत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पिढ्यान् पिढ्यांचं ओझं उतरतंय असंच तिलाही वाटत होतं.

मग बाबांनी फळीवरून खेळाच्या कवड्यांची पिशवी आणि पटाची गुंडाळी उचलली.

"अजी, त्या खेळाच्या हायेत," आई म्हणाली.

"कवडी ते कवडीच. ज्या कवड्या गळ्यात घालून आपल्या मानसांनी दारोदार जोगवा मागितला, त्या मले घरात नोको."

"मंग पट तं राहू द्या."

"कवड्या गेल्यावर पट काय पांघरतं?"

बाबांनी पिशवी आणि पटही त्याच फडक्यात बांधले. गाठोडं पेढी नदीत गेलं.

उन्हाळ्यात मामा-मामी आले. चहा झाला, बरं हाये का झालं. मामा थोडा वेळ आढ्याकडे बघत बसला आणि आईला म्हणाला, "काढ नं बाई पट."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सोडला आमी."

मामाला आधी ती गंमत वाटली. मग आईचा चेहरा पाहून तो सरळ बसला. "देव तं मीही सोडले, भाऊजी. नदीत टाकून आलो. खेळ कावून सोडला?"

"कवड्या होत्या त्याच्यात."

"कवडीत देव थोडाच बसला होता? आमच्या मायच्या हातचा होता तो पट."

बाबा म्हणाले, "आता आपल्याले पुस्तकं वाचायची हायेत, दादा. खेळात दिवस घालवून आपन लय मागं राहिलो." हे खरंही होतं, आणि त्याच वाक्याने बाबांनी पुढे आम्हा बहिणींनाही शिकवलं. पण त्या दुपारी ओसरीवर ते वाक्य पडलं आणि तिथेच राहिलं. मामा संध्याकाळच्या गाडीने परत गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलंही असतं. पुढे येणं-जाणं होत राहिलं, पण दोन दिवस राहणारी माणसं जेवून निघायला लागली. बाबांना आणि मामाला एकत्र बसून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे बाबांनाही कळत होतं. काही वर्षं गेली. एक दिवस ते कचेरीतून आले ते सायकलच्या हँडलला पुठ्ठ्याचा चौकोनी डबा अडकवून. आत छापील पट होता, लुडोचा. चकचकीत लाल, हिरवी, पिवळी, निळी घरं, प्लास्टिकच्या सोंगट्या आणि टिपक्यांचा एक ठोकळा.

"पाह्य," ते आईला म्हणाले, "तीच फुली हाये का नाही? आपला जुना डाव याच्यावर मांडता येईन. याच्यात ना कवडी, ना देव."

आईने बोटाने पट्टीवरच्या एका ओळीतली घरं मोजली. "दोन घरं कमी हायेत जी."

"दोन घरांनं काय होते?"

ठोकळ्यावर सहाच्या वर दान पडत नव्हतं, आणि पंचवीसशिवाय जुना खेळ कसला? म्हणून आईने चिंचोके घेतले, दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली. कवड्यांसारखेच पडत होते. बाबा लहान पोरासारखे खूष झाले आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळे अकोल्याला गेलो. मामाने तेव्हा जठारपेठेत एक खोली घेतली होती, शहाबादी फरशीची.

डबा उघडल्यावर मामीनेच आधी हात घातला. "अगं बाई, कित्ती गुळगुळीत!" तिने भराभरा सोंगट्या मांडल्या. चौघं पूर्वीसारखे समोरासमोर बसले आणि मामाला पहिल्याच फेरीत पंचवीस पडले. मामी ओरडली. मामाने सोंगटी उचलली, हात तसाच हवेतून फिरवला आणि सोंगटी ठेवली ती पुठ्ठ्याच्या बाहेर, फरशीवर.

कोणीच हसलं नाही. मामाने सोंगटी परत उचलली आणि बोटाने एक, दोन, तीन असं मोजायला लागला.

पट्टी आखूड पडत होती. पंचवीसच्या एका दानात अर्धा पट पार व्हायचा, दबा धरून बसायला जागाच नव्हती. बाबांनी मग माझ्याकडून खडू मागून घेतला आणि पुठ्ठ्याच्या चारही बाजूंना फरशीवर प्रत्येक ओळीत दोन-दोन घरं वाढवून आखली. आता घरं बरोबर झाली. पण पुठ्ठा सरकायचा. खडूच्या रेघा पदराने, गुडघ्याने पुसल्या जायच्या. बाबा पुन्हा आखायचे. प्लास्टिकच्या सोंगट्या इतक्या हलक्या की पंख्यासारखा पदर हलला तरी पडत. बाबांच्या हाताला, सदऱ्याला, कानालाही खडू लागला होता. मी त्यांना एवढी धडपड करताना कधी पाहिलं नव्हतं.

मामीला मात्र चिंचोके पावत होते. तिच्या दोन सोंगट्या घरी पोचल्या. तिने नेहमीसारखी जोडी फोडून तिसरी घरी नेली आणि बाबा ओरडले, "वयनी!" आणि त्या एका ओरडण्यात सगळं जुनं परत आल्यासारखं झालं. आईसुद्धा हसली.

मामाच्या हातून सोंगटी पुन्हा एकदा चुकून रेघांबाहेर पडली. तो मागे सरकून भिंतीला टेकला.

"माह्याच्यानं नाही होत, भाऊजी. हात चुकून राहिला."

"चुकू द्या नं!" मामी म्हणाली. "कोन पाहून राहिलं? डाव तं पुरा होऊ द्या. माही एकच राहिली."

"हा खेळच दुसरा होय. उगाच पोरखेळ कायले? खरा पट शिवू, मंग बसू."

बाबांना ते लागलं, पण पटलंही. आईने लगेच कबूल केलं की ती शिवेल, अगदी तसाच. सगळ्यांनाच ते बरं वाटलं. नदीत गेलेली वस्तू हुबेहूब परत आणायची, म्हणजे झालेलं सगळं भरून निघेल, असं काहीतरी. मामी एकटीच पटासमोर बसून राहिली होती. तिने हातातले चिंचोके एकदा उगाचच टाकून पाहिले. काय पडलं ते कोणी विचारलं नाही. मग ती स्वैपाकाला उठली.

आईने पट शिवायला घेतला, पण हातून लवकर होईना. तसं निळं कापड मिळेना. घरावरच्या फुल्या, जिथे सोंगटी मारता येत नाही त्या, नेमक्या कुठे होत्या यावर तिचं मन दोनदा बदललं आणि तिने शिवलेलं उसवलं. सुताराने सोंगट्या करायला पावसाळा घालवला. आणि बाबा, ज्यांनी कवड्या नदीत टाकल्या होत्या, तेच एक दिवस बाजारात जाऊन कवड्या घेऊन आले. "दुकानदाराले दोनदा सांगितलं," ते आईला म्हणाले, "खेळासाठी पाहिजे म्हनून." मग म्हणाले, "तुही पिशवी ठेवाले पाहिजे होती मी."

त्या हिवाळ्यात मामी तापाने गेली. आजारी आहे हे पत्र आणि गेली हा निरोप, आमच्याकडे एकामागोमाग आले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मामा आणि बाबा खोलीबाहेरच्या बाजेवर बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मामाच बोलला.

"तिले पट कसा हाये, त्याचं काही नव्हतं. मले म्हने, चार जन गोल बसले, कोनी माह्यावर ओरडलं, की माहेरी आल्यासारखं वाटते."

बाबा खाली बघत होते. "मंग सांगितलं कावून नाही तिनं?"

"सांगितलं तं होतं, भाऊजी. आपल्यापुढंच सांगितलं. डाव पुरा होऊ द्या म्हने."

बाबांनी माझ्या हातून तांब्या घेतला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

नवा पट आम्ही एकदाच मांडला, पुढच्या उन्हाळ्यात, आमच्या ओसरीवर. मामीच्या जागी मी बसले. मामाचा हात बरोबर घरात पडत होता. आईने सगळं बिनचूक शिवलं होतं. मीही नीट खेळले, एकदाही जोडी फोडली नाही. बाबा मला काही म्हणाले नाहीत. आई-मामा जिंकले. मामाने सोंगट्या पिशवीत भरल्या, नाडी ओढली आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.