दाजी आणि चार विरुद्ध पाच

हात वर करून घेतलेल्या निर्णयावर आमच्या दाजींइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवतात आणि उरलेला वेळ लोकांच्या मतांची काळजी करण्यात घालवतात. भाचीच्या साखरपुड्यात गोड काय करायचं यावर मतं घेतली, तर गुलाबजामला सहा, काळ्या जामला पाच आणि जिलबीला सात. आचारी कढई ठेवायला निघाला, तोच दाजींनी त्याला थांबवलं. "जामवाल्यांची मतं फुटली म्हणून जिलबी जिंकली, हा न्याय न्हाई," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाकडून पहिली आणि दुसरी पसंती लिहून घेतली. शेवटी गुलाबजाम झाले, पण जेवायला चार वाजले. तेव्हापासून अक्का त्यांना कार्यात नारळ मोजायला बसवते.

पण मागच्या वर्षी भोकरला आई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन दिवसांत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा हैदराबादसाठी अडून बसला, मी नांदेडसाठी आणि अक्का लातूरला आपल्या घराजवळ न्या म्हणून. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कुठं बी न्या, पण लवकर न्या." आम्ही घरातल्या नऊ जणांनी हात वर केले. हैदराबादला चार, नांदेडला तीन, लातूरला दोन. दादा गाडी सांगायला उठला. मी त्याच्यावर आवाज चढवला, त्यानं माझ्यावर. एवढ्यात दाजींनी वहीचं पान फाडून नऊ तुकडे केले आणि प्रत्येकाला तिन्ही गावं पसंतीच्या क्रमानं लिहायला लावली.

आम्हा पाच जणांनी हैदराबाद तळाला लिहिलं होतं. दादाच्या चौघांनी दुसरं नाव नांदेडचं लिहिलं होतं. दाजींनी दोन-दोन गावं समोरासमोर लावली. नांदेडनं हैदराबादला पाच-चारनं हरवलं, लातूरला सात-दोननं. दाजींचं स्वतःचं मत लातूरला होतं. अक्का दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दादानं मात्र चिठ्ठ्या दोनदा पाहिल्या आणि नांदेडसाठीच गाडी सांगितली.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी आईनं वॉकर धरून दोन पावलं टाकली, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर चहा घेताना मी दाजींना विचारलं, ऑपरेशन बिघडलं असतं तर?

त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "सगळ्यात चांगला दवाखाना कोणता, हे माझ्या गणिताला थोडंच कळतं? बिघडलं असतं तर समद्यांनी मला बोल लावला असता. तुम्ही भाऊ-भाऊ तरी एकमेकांना दोष दिला नसता."

त्यांचे केस एवढे पांढरे कधी झाले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.