शनिवारची भिंत

आमच्या तंत्रशाळेत मास्तर पुष्कळ, पण नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की ते एकच, गवंडीकामाचे. मी जनावरांच्या देखभालीचा वर्ग घेते. पोरं मला घोडीवाली बाई म्हणतात. म्हणेनात का! घोडी आहेच, ‘म्हातारी’ नावाची, आणि माझ्यापेक्षा मान तिलाच जास्त. तिच्यावर पोरं खरारा करायला शिकतात, खूर साफ करायला शिकतात, धडधाकट पायांना पट्ट्या बांधतात. ती मुकाट सोसते. खोड एकच, टेकायची. खांब असो, दार असो, माणूस असो, ढुंगण लावून सगळा भार टाकते आणि डोळे मिटून घेते.

मास्तरांचा वर्ग आमच्या शेडला लागूनच. तिथली रीत अशी की सोमवारी भिंत घालायला घ्यायची, शुक्रवारी मास्तर ओळंबा लावून गुण देणार, आणि शनिवारी सकाळी ती पाडायची. विटा खरवडून रचून ठेवायच्या, कारण सोमवारी त्याच लागतात. म्हणून तिथल्या विटा जोडायच्या मालात सिमेंट नसतंच. चुना आणि वाळू, बस्स. विटेला धरून राहतो, पण शनिवारी दोन ठोक्यांत सुटतो. मास्तर मिसरूड फुटायच्या आत इथे शिकायला आले आणि शिकून झाल्यावर इथेच शिकवायला लागले. बाहेरचं काम त्यांनी कधी घेतलंच नाही.

याचा अर्थ काय, हे मला कळलं ते त्यांच्या बहिणीच्या नातीमुळे. मास्तरांची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. आवारातल्या एका खोलीत एकटे राहायचे. बहीण हेच काय ते माणूस, तीही लांब. एकदा ती नातीला घेऊन आली. पोरीनं विचारलं, “आजोबा, तुम्ही बांधलेलं घर दाखवा ना.”

“घर नाही गं बांधलं.”

“मग भिंत?”

नेमकी शनिवारची दुपार. मास्तरांनी विटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. पोरगी खो खो हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. त्यांचा हात धरून उभी राहिली. मी उगाचच घोडीवर ओरडले.

निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा मास्तर जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये आले आणि पालथ्या बादलीवर बसले. ते रोजच बसायचे. बोलायचे नाहीत फारसे, मीही काही गप्पिष्ट नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, “बाई, म्हातारीच्या मागच्या बाजूला नुसता पत्रा आहे. वारं लागून तिचे पाय आखडतात. तिथे भिंत घालू का?”

“घाला की. विचारताय काय?”

“पाडायची नाही,” ते आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले. “कायमची.”

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि हो म्हणवूनच उठले. मागचा पत्रा काढला. सिमेंटची पोती आली, ताडपत्रीखाली ठेवली. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं! पोरांना विटा रचू दिल्या, पण माल कालवायला कुणाला हात लावू दिला नाही. “हा माल मीच करणार,” म्हणाले. एकेका थरावर दोरी धरून पुन्हा पुन्हा बघायचे. भिंत अशी देखणी झाली की पोरंसुद्धा येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची. मास्तरांनी बहिणीला फोन केला, “सुट्टीत पोरीला घेऊन ये. दाखवायचंय काहीतरी.”

भिंत वाळल्यावर प्राचार्य बघायला आले. मी म्हातारीला आत आणलं. नवी जागा हुंगून झाली आणि बाईसाहेबांनी वळून भिंतीला ढुंगण टेकवलं.

भिंत खाली बसली. धडाम वगैरे काही नाही. मधोमध वाकली आणि बाहेरच्या अंगाला घसरत गेली. म्हातारी चार पावलं पुढे आली आणि झालंच नाही काही अशा थाटात उभी राहिली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.

मास्तरांनी एक वीट उचलली, तिच्यावरचा माल अंगठ्यानं चोळला. भुगा झाला, नुसता चुना आणि वाळू. ते ताडपत्रीपाशी गेले, ती वर केली. सिमेंटची पोती जशीच्या तशी, शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. रंगावरून कळायला हवं होतं, असं नंतर सगळे शहाणे म्हणाले. आधी कुठे गेले होते?

“हातांनी केलं,” मास्तर म्हणाले. “मला विचारलंच नाही.”

आणि पोरं! कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सवयीनं हातोड्या घेतल्या आणि विटा खरवडून रचायला लागली. मी किंचाळले, “अरे थांबा की मेल्यांनो!”

“करू दे,” मास्तर म्हणाले. “विटा चांगल्या आहेत.”

त्यानंतर ते बादलीवर बसायला आले नाहीत. शाळेला सुट्टी लागली, वसतिगृह रिकामं झालं. बहिणीचा फोन आला की पोरीचा शिकवणीवर्ग आहे, या खेपेला जमत नाही. मला वाटलं, संपलं. पण एका सकाळी मास्तर थापी घेऊन शेडच्या दाराशी उभे.

“बाई, एक काम कराल? पोतं तुम्ही फोडा. माझ्यासमोर. सिमेंट तुम्हीच घमेल्यात टाका.”

“का, तुमचे हात मोडलेत?”

“हातांचा भरवसा नाही राहिला.”

एवढं बोलून गडी रडेल असं वाटलं, म्हणून मी पटकन पोतं फोडलं. रोज घमेलं मी भरायची, भिंत ते घालायचे. मग कितीतरी दिवस ते सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारत राहिले. पुरे झालं म्हटलं तरी ऐकेनात. म्हातारीला आणायची मात्र हिंमत होईना. उद्या आणू, परवा आणू. मला शेवटी राग आला. खोली सोडायची वेळ आली होती, सामान बांधून तयार होतं. मी घोडीचा दोर सोडला आणि तिला आत नेलं. मास्तर घाईघाईनं भिंतीच्या पलीकडे निघून गेले.

म्हातारी वळली. टेकली. सगळा भार टाकून डोळे मिटले.

“बाई, टेकली का?” पलीकडून आवाज आला.

“टेकली हो!”

मी दोर तिथेच टाकला. वळसा घालून पलीकडे गेले. मास्तर जमिनीवर पाय पसरून बसले होते, पाठ भिंतीला लावून. पलीकडे घोडी, अलीकडे ते. डोळ्यांतून धारा. मीही शेजारी बसले, पाठ टेकून. बघायला दुसरं कुणी नव्हतं आणि कुणी येणारही नव्हतं. भिंत ढिम्म हलली नाही.

“आज वार कोणता?” त्यांनी विचारलं.

“शनिवार.”

त्यांनी मांडीवरचे रिकामे हात उलटे-सुलटे करून बघितले.

“मग आता काय करायचं, बाई?”