पुसून न जाणारा धम्मरत्न

सांगवीच्या धम्मरत्नला चाकणच्या कंपनीतला पेंट शॉपचा सुपरवायझर म्हटलं तर तो चालवून घेतो. पण मुळात तो चित्रकार आहे, आणि हे मत सध्या त्याच्या एकट्याचंच आहे. दर बुद्धपौर्णिमेला तो शुभेच्छांचं चित्र काढतो. दर वर्षी गल्लीतला रणजीत कोपऱ्यातलं त्याचं नाव पुसतो, तिथे स्वतःचा फोटो बसवतो, खाली 'शुभेच्छुक' लिहितो आणि चौकात फ्लेक्स लावतो. कौतुक रणजीतचं होतं.

यंदा धम्मरत्नने नाव चित्रातच मुरवायचं ठरवलं: डोळ्यांना दिसणार नाही, पण लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला वाचता येईल असं. फाइल पीएनजी ठेवली, कारण तिच्यात रंगाचा कण हलत नाही. चाचणीसाठी ती वडिलांना पाठवली. जयसिंगबाबा रिटायर झाल्यापासून व्हॉट्सॅपवर तिन्ही शिफ्ट करतात.

चित्र ग्रुपाग्रुपांतून फिरून परत आलं. नाव गायब.

"बाबा, काय केलंत याचं?"

"काही नाही रे. पुढं पाठवलं. चांगली गोष्ट अडवून ठेवू नये."

व्हॉट्सॅप चित्र दाबून जेपीजी करतं आणि बारीक कण झटकून टाकतं. नाव नेमकं त्या कणांत बसलेलं. म्हणजे रंगाच्या शेवटच्या हातावर खडूने लिहिल्यासारखंच. मग त्याने मूळ चित्र पीएनजीतच जपलं, आणि पाठवायच्या प्रतीत नाव खोलवर, जागोजागी पेरून ती स्वतःच जेपीजी केली. चित्र किंचित खरखरीत झालं, पण बाबांच्या ग्रुपांतून पुन्हा फिरून आल्यावरही नाव टिकलं.

"बाबांच्या हातून वाचलं ते जगात कुठेही वाचेल," त्याने जाहीर केलं.

पौर्णिमेआधी रणजीतने त्याच चित्रावर स्वतःचा फोटो बसवून फ्लेक्सचं डिझाइन गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. धम्मरत्न लॅपटॉप घेऊन थेट विहारात, महिला मंडळाच्या तानुबाईंपुढे जाऊन बसला. रणजीत तिथेच खुर्च्या मांडत होता. ग्रुपवरचंच चित्र प्रोग्रॅममध्ये टाकलं, तर पडद्यावर उमटलं: 'धम्मरत्न, सांगवी'.

तानुबाईंनी चष्मा सारखा केला. "रणजीत, तुझ्या चित्रात हा कसा शिरला?"

"मावशी, शुभेच्छुक मी, चित्र त्याचं. मी कधी नाही म्हणालो?"

"होय तरी कधी म्हणालास?"

रणजीतने हातातली खुर्ची खाली ठेवली. "भावा, फ्लेक्स अजून छापायला गेला नाही. बोल, नाव कुठे टाकू?"

"कुठेही टाक रे," धम्मरत्न उदारपणे म्हणाला, आणि त्याने रणजीतच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा जरा सरकव. इथे."