गयाबाईंची गोफण

गयाबाईंची आणि माझी ओळख एका दगडाने झाली. पाटोद्याच्या शाळेत मी नवाच रुजू झालो होतो. भाड्याच्या खोलीमागे बुटकी भिंत होती आणि पलीकडच्या बोरीला पिकली बोरं. मी फांदीत हात घातला, तोच कानाजवळून काहीतरी सणाणत गेलं आणि भिंतीचा ढलपा उडाला.

“हात काडा मास्तर! आत बुलबुलानं घर केलंय. दुसरा गोटा चुकायचा न्हाई.”

साठी उलटलेली ती काटक बाई ओसरीवरून गोफणीत पुढचा गोटा बसवत होती.

आमच्याकडे गोफण असते ती ज्वारीवरची पाखरं हाकलायला. गयाबाई तीच गोफण घेऊन पाखरांच्या बाजूने बसत. वळचणीला चिमण्यांसाठी कणसं टांगलेली. अंगणात अर्धा पुरलेला रांजण, त्यात एक फांदी तिरपी सोडलेली. “जीव पानी प्याया येतो, पडला तर चडता आलं पायजे.” कोपऱ्यात दगडांचा ढीग होता. त्यात एक घोरपड राहायची.

“मावशी, हे सगळं कशासाठी?” मी एकदा विचारलं.

“ज्वारीच्या रानात माळ्यावर हुबी राहून लई पाखरं पाडली, मास्तर. एक व्हला पडला, पन मेला न्हाई. दिसभर खाली फडफडत हुता आन् मी वर गानी म्हनत हुते.”

त्यांना मूल नव्हतं. पुतण्या भास्कर त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेला. एका दुपारी तो दोन सोबती, कुत्रं आणि पहार घेऊन आला. त्याला घोरपडीचं मटण हवं होतं.

“काकू, सर बाजूला.”

“ढिगाला हात लाव, कपाळ फोडते.”

“म्हातारे, तुझा नेम गेला आता!”

पहिल्या गोट्याने कुत्रं केकाटत पळालं. दुसरा भास्करच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं तशी त्याने आंधळेपणाने पहार घातली. गयाबाईंचं कोपर मोडल्याचा आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला. माझ्या हातात पुस्तक होतं आणि पानात बोट. ते बोट मी काढलं नाही.

तिघेही रक्त बघून पळाले. घोरपड वाचली.

दवाखान्यात मी म्हणालो, “मावशी, पोलिसांत जाऊ.”

“न्हाई. माजंच पोरगं हाय ते. पन तुमी का आला न्हाईत, मास्तर?”

मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेलो.

हात वाकडाच जुळला. मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. “मनगट न्हाई, खांदा फिरवा!” माझा गोटा माझ्याच पाठीत बसे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसत. “तुमच्यापास्नं कुनालाच धोका न्हाई!” हिवाळ्यात त्यांना ताप आला, तो उतरलाच नाही.

त्या गेल्यावर चौदाव्या दिवशी भास्कर जेसीबी घेऊन आला. तिथे त्याला गाळे काढायचे होते. बोरीचं झाड मुळासकट उपटलं गेलं. मी भिंत ओलांडली आणि खुंटीवरची गोफण घेतली.

“मशीन थांबव, भास्कर.”

“मास्तर, घरी बसून वाचा तुमी.”

मी गोटा सोडला. तो रांजणावर बसला, रांजण फुटला आणि पाणी माझ्याच पायांवर आलं. माणसं हसली. भास्करचा हात मात्र भुवईवरच्या खुणेकडे गेला.

मशीनने ढीग उचलला. घोरपड बाहेर पडली आणि सरसर भिंत चढून माझ्या अंगणात उतरली. दोघे जण पहार घेऊन तिच्यामागे निघाले. मी भिंतीपुढे उभा राहिलो. दुसरा गोटा बसवला. खांदा फिरवला.

“मास्तर, तुमाला नेम कुटं हाय?” भास्कर ओरडला.

“नाही. म्हणूनच लांब राहा.”

गोफण गरगरत राहिली. भास्करने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हाताने त्या दोघांना मागे बोलावलं.

आता माझ्या अंगणात दगडांचा ढीग आहे. ओसरीवर गोफण आहे. माझा नेम अजून बसलेला नाही.