मागचा कॅमेरा

वायरमास्तरांच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. माझ्याकडे गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं मशीन. त्यांच्याकडे गाड्यांच्या आतलं वायरिंग, हॉर्न, दिवे आणि अलीकडे कॅमेरे. माझं मशीन थांबलं की त्यांचं बोलणं ऐकू येतं. "हं, इकडून. आता जरा वर. आलं का?" समोर कुणी नसतं. पूर्वी हे ऐकायला त्यांची बायको असायची. तिचे हात बारीक, छताच्या अस्तराखाली सहज शिरायचे. हे पुढून वायर सरकवायचे, ती मागून ओढायची आणि म्हणायची, "आलं." ती गेली. आता हे "आलं का?" विचारतात, मागे जातात आणि स्वतःच ओढून घेतात.

माणूस तसा तिरसट. गिऱ्हाइकानं घाई केली तर चावी त्याच्या हातात ठेवून "दुसरीकडे जा" म्हणणारा. पण त्यांनी केलेलं काम कधी तक्रार घेऊन परत आलं नाही, हे आमच्या रस्त्यावर कुणीही सांगेल. त्याचं कारण मला माहीत आहे, कारण त्याचा जाच मलाच झालाय. वायरीचा कनेक्टर जागेवर बसला की 'टक्' असा आवाज होतो, आणि तो कानानं ऐकल्याशिवाय मास्तर पुढे जात नाहीत. मग भिंतीवर थाप पडते. "ताई, मशीन थांबवा जरा, टक् ऐकायचंय." मी चिडते, "तुमच्या टकपायी माझं गिऱ्हाईक ताटकळलंय" म्हणते, आणि पाय उचलते. इतकी वर्षं उचलतेच आहे.

त्यांना एकच मुलगा. दूरच्या शहरात मोठ्या ऑफिसात असतो. मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात त्याला फाडून खाल, आणि तो मान माझा आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो, मास्तर तो स्पीकरवर घेतात. जेवलात का, औषध घेतलं का, काही हवंय का. मास्तरांची उत्तरंही ठरलेली. जेवलो, घेतलं, काही नको. मग मुलगा म्हणतो, "बरं मग, ठेवतो." फोन ठेवल्यावर मास्तर कुठलीतरी वायर उगाचच सोलत बसतात. रविवारचा दिवस मला या भिंतीपलीकडून कधीच आवडला नाही.

तर त्या मुलानं विजेवर चालणारी गाडी घेतली. फोनवर सहज म्हणाला, "बाबा, पुढे-मागे कॅमेरे बसवायचेत. इथे एक-दोन दुकानं बघून ठेवलीत. कुठल्या कंपनीचे चांगले?" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ज्या बापानं जन्मभर हेच काम केलं त्याला हा दुकानाचा सल्ला विचारतोय. मास्तर एवढंच म्हणाले, "इकडे घेऊन ये. मी बसवतो." मुलगा म्हणाला, लांब पडतं. मग त्याचंच या बाजूला काहीतरी काम निघालं आणि शनिवारी येतो म्हणाला. "राहशील ना एक रात्र?" "बघतो."

'बघतो' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तरांना कळलं नाही. ते माझ्याकडे आले, गादीचं माप घेऊन. सीटकव्हरच्या उरलेल्या कापडातून खोळ शिवून हवी होती. "मऊ बाजू वर ठेवा. त्याला लहानपणापासून खरखरीत चालत नाही." मुलगा चाळिशीला आलाय. मी खोळ शिवून दिली.

ती गाडी त्यांनी येण्याआधीच पाठ केली. ओळखीच्या मेकॅनिकला फोन करकरून भंडावलं. मग मला धडा. "ताई, नारिंगी वायर दिसली की हात मागे. तिच्यातून मोठ्या बॅटरीची वीज जाते, चुकीला माफी नाही. आणि गंमत ऐका, एवढी मोठी बॅटरी पोटात, तरी दारं नि दिवे चालवायला एक छोटी बॅटरी वेगळी असते. आपला कॅमेरा त्या छोटीवर. गाडी उभी असताना कॅमेरा रात्रभर चालू राहिला आणि छोटी उतरली, की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी ठार बंद." म्हणून वेळेवर कॅमेऱ्याची वीज तोडणारी एक डबी त्यांनी मुद्दाम मागवून घेतली. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

शनिवारी ते सकाळपासून रस्त्याकडे कान लावून उभे. आणि या गाड्यांना मेलं आवाजच नसतो! कान रस्त्यावर आणि गाडी येऊन गुडघ्याशी उभी. मुलगा उतरला, हसला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, जेवणाच्या सुमारापर्यंत होईल ना? डोंगराचा रस्ता उजेडातच उतरलेला बरा."

"होईल," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

मुलगा माझ्या दुकानात खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसला. कानात ते बिनवायरीचे गोळे. मास्तर कामाला लागले आणि मी लगेच ओळखलं, हे हळू चाललंय. आरशामागची काच त्यांनी पुसली, सुकू दिली, पुन्हा पुसली. पुढचा कॅमेरा चिकटवला. वायर छताच्या कडेनं नेली, काचेशेजारच्या खांबाचं झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचकटलं आणि मुलाला हाक मारली. "हे बघ, इथे एअरबॅग असते. वायर नेहमी तिच्या मागून न्यायची. पुढून नेली आणि उद्या बॅग फुटली, तर वायर तोंडावर येते. पुष्कळ जण पुढून नेतात." मुलगा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "हो बाबा." त्यानं ऐकलं असेलही.

मागच्या कॅमेऱ्याच्या वेळी मास्तरांनी मला बोलावलं. ही वायर छतातून मागच्या दारात न्यायची, तर मध्ये एक रबरी नळी लागते, दार उघडताना वाकणारी. तिच्यातून वायर काढणं म्हणजे एका माणसाच्या जिवाला घोर. एरवी ते एकटेच करतात, तारेचा आकडा करून. त्या दिवशी म्हणाले, "ताई, तुम्ही मागून ओढा."

मी मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले. पुढून आवाज आला, "आलं का?"

"आलं," मी म्हणाले.

वायर सरकायची थांबली. मी मान वळवून पाहिलं, तर मास्तर छताला हात लावून तसेच उभे. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या मुलाचा रागही आला. हे 'आलं' म्हणायला तो हवा होता, मी नव्हे.

मग ते मागे आले. काचेवर कॅमेरा बसवला, कनेक्टर हातात घेतला, खाचेत घातला आणि दाबला. माझं मशीन बंदच होतं, गाडीलाही आवाज नाही. टक् झालं नाही. मी वाट पाहिली. मास्तरांनी वायर अस्तराखाली ढकलली आणि बोटं पुसली.

"मास्तर, टक्..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्यासारख्या बोलभांड बाईची जीभ टाळ्याला चिकटली.

मुलाच्या फोनवर पुढचं आणि मागचं, दोन्ही चित्रं स्वच्छ दिसली. तो खूश झाला. "बाबा, एकदम झकास! कंपनीवाल्यांनी एवढं नीट केलं नसतं." मास्तरांच्या घरी जेवायला मात्र गेला नाही, वाटेत खाईन म्हणाला. गाडी निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. जातानाही आवाज नाही. मास्तर हात वर करून उभे होते, तो खाली घ्यायचं विसरले.

मी थेट त्यांच्या दुकानात शिरले. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"मला वेड्यात काढू नका. मागचा कनेक्टर अर्धाच बसवलात तुम्ही."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ हातातली पट्टी उलटसुलट करत राहिले. "पुढचा पक्का बसवलाय. अपघात वगैरे झाला तर पुढचा लागतो. मागच्यावाचून तसं काही अडत नाही." मग हळूच म्हणाले, "रस्ता खराब आहे. दोन-तीन आठवड्यांत हलून हलून निघेल. मग घेऊन येईल परत. त्या वेळी नीट सांगेन त्याला, सकाळी गाडी लाव, दुसऱ्या दिवशी ने."

ज्या माणसानं गिऱ्हाइकाच्या गाडीत एक सैल स्क्रू कधी सोडला नाही, त्यानं पोटच्या पोराच्या गाडीत हे केलं होतं. मी भांडायला गेले होते, तशीच माघारी आले.

त्यानंतर मास्तर वाट बघायला लागले. उघड नव्हे. पण रविवारची कामं घेईनासे झाले. जागा मोकळी हवी म्हणून दारातली जुनी पेटी आत ओढली. रविवारच्या फोनवर मुद्दाम विचारायचे, "गाडी कशी आहे?" "मस्त, बाबा." "कॅमेरे?" "चालू आहेत." मग पुन्हा वायरी सोलणं. एकदा मी म्हणाले, "फारच चांगला बसवलात अर्धासुद्धा." ते हसले नाहीत. मुलाची वाट आणि आपल्याच हाताच्या नावलौकिकाची माती, दोन्ही एकाच वायरीला लावून बसले होते बिचारे.

आणि एका मंगळवारी फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मीही मशीन थांबवलं. मास्तरांचे दोन्ही हात एका गाडीच्या डॅशबोर्डात होते. ते ओरडले, "ताई, घ्या फोन, स्पीकरवर टाका!" मी टाकला.

"बाबा, मागचा कॅमेरा बंद पडला होता."

मास्तर सरळ झाले. डोकं छताला आपटलं, त्याचीही शुद्ध नाही. इतका उजळलेला चेहरा मी त्यांची बायको गेल्यापासून पाहिला नव्हता. "मग ये ना घेऊन! रविवारी ये. शनिवारीच ये, मी सगळं..."

"नाही, नाही बाबा, झालं पण काम. आमच्या ऑफिसखालीच एक दुकान आहे. कनेक्टर नीट बसला नव्हता म्हणे. पाच मिनिटांत बसवून दिला. एवढ्याशा कामासाठी तुम्हाला कशाला त्रास?"

मास्तरांनी हात पुन्हा डॅशबोर्डात घातले.

"तो विचारत होता, कुणी बसवला हा. मी काही सांगितलं नाही, बाबा. म्हटलं, असाच एक जण होता." मग आवाज मऊ झाला. "तुम्ही डोळे तपासून घ्या. आता वय झालं. किती दिवस करणार हे सगळं? मी पैसे पाठवतो म्हणतो, ते घेत नाही तुम्ही..."

मला राहवलं नाही. मी फोन तोंडाशी नेला. सगळं सांगून टाकणार होते, त्या टकसकट. मास्तरांनी डॅशबोर्डातला हात उपसून माझं मनगट धरलं. जोरात नव्हे. नको, अशी मान हलवली.

"राहिलं असेल सैल," ते फोनकडे बघून म्हणाले. "दिसलं नसेल मला. नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस."

"डोळे दाखवाल ना?"

"दाखवतो."

"बरं मग, ठेवतो."

फोन बंद झाला. मला रडू येत होतं, पण जास्त करून रागानं. मुलावर राग धरावा, तर तो बिचारा बापाला लांबचा त्रास नको म्हणून झटत होता. म्हणून मी मास्तरांवरच ओरडले. "का नाही सांगितलंत? आयुष्यभराच्या कामाला बट्टा लावून घेतलात, आणि कशासाठी?"

मास्तरांनी पुन्हा हात आत घातले. चाचपडून वायर शोधली, कनेक्टर जागेवर आणला, दाबला. टक् झालं. एका भिंतीआड इतकी वर्षं काढली, पण तो आवाज इतका मोठा मला कधी वाटला नव्हता.

"पाच मिनिटं म्हणाला ना तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खरं आहे. तेवढंच काम आहे ते." ते थोडे हसले. "चुकलंच माझं, ताई. दिवसभर पुरेल असं काहीतरी सैल सोडायला हवं होतं."