माझे बाबा, दुसऱ्याच्या ब्लॉगवर

त्या वर्षी बाबांनी बैलजोडी विकली होती. तरी पोळ्याला त्यांनी रिकाम्या गोठ्याच्या दाराला तोरण बांधलं आणि पुरणपोळी शेजाऱ्याच्या बैलांना चारून आले. ते वारल्यावर मी अमरावतीत बसून हे ब्लॉगवर लिहिलं. फारसं कुणी वाचलं नाही.

पुढे अकोल्याच्या एकाच्या ब्लॉगवर तेच सापडलं, जसंच्या तसं, खाली त्याचं नाव. लेख चोरल्याचा राग मी गिळलाही असता. पण खालच्या प्रतिक्रिया सोसवेनात. ‘तुमच्या बाबांना नमस्कार सांगा,’ असं लोक त्याला लिहीत होते. बाबा होते तेव्हा मी त्यांच्याशी कधी धड बोललो नाही, आणि आता त्यांचे नमस्कार भलत्याच्याच घरी चालले होते!

शेवटी मी तिथे लिहिलं, ‘हे बाबा माझे आहेत.’

उत्तर दिलं ते एका वाचकाने: ‘काहून जळून राहिले भाऊ? आमच्या बापानंबी असंच केलं होतं.’

जळत तर मी होतोच. ते वाचून त्या वाचकाच्या बापावरही जळलो. मला वाटायचं, असं करणारे माझे बाबा एकटेच.